गुरुवार बंद, शनिवार बंद

भोसरी एमआयडीसीत कधी गुरुवारी चक्कर मारली आहे का? एरवी जिथे दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथे त्या दिवशी पोरांचं क्रिकेट चालू असतं. प्रेसची धडधड बंद, टेम्पो उभे, वडापावची गाडीसुद्धा नाही. शटरवर ऑइलपेंटने लिहिलेलं असतं, 'गुरुवार बंद'. इथे नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, दत्ताचा वार म्हणून असेल. पण ही कृपा दत्तगुरूंची नाही, वीज मंडळाची आहे.

राज्यात कारखाने वाढत गेले आणि वीज पुरेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून रविवारी सुट्टी घेणं परवडणारं नव्हतं. सहा दिवस ताण आणि सातव्या दिवशी एकदम मागणी खाली, हे वीजनिर्मितीच्या गणितात बसत नाही. वीज काही पोत्यात भरून ठेवता येत नाही. मग सुट्टीचे वार वाटून दिले गेले. पुण्याकडे गुरुवार, ठाणे-डोंबिवलीकडे शुक्रवार, नाशिकला शनिवार. आमच्या भाषेत याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. पुढे मोठ्या कंपन्यांनी आपापली कॅलेंडरं केली, बऱ्याच रविवारवर गेल्या. छोट्या वर्कशॉपचा मात्र गुरुवारच राहिला, कारण प्लेटिंगवाला गुरुवारी बंद, हीट ट्रीटमेंटवाला बंद, टूल ग्राइंडिंगवालाही बंद. एकट्याने उघडून करायचं काय?

मला हे सगळं माहीत असायचं कारण माझं लग्न.

मी पिंपरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कारखान्यातली कुठली मशीन किती वेळ चालली, किती पार्ट रिजेक्ट झाले, कुठल्या शिफ्टला किती माल निघाला, हे मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. आमचे ग्राहक भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेले. हे सॉफ्टवेअर अपडेट करायचं तर लाइन थांबलेली लागते. म्हणजे कारखान्याची सुट्टी तो आमच्या कामाचा दिवस. छोट्यांकडे गुरुवारी, मोठ्यांकडे रविवारी. ऑफर लेटरमध्ये माझी सुट्टी शनिवार-रविवार आहे. ती अमेरिकेतल्या ग्राहकांमुळे सगळ्या आयटीला मिळाली तशी आम्हालाही मिळाली, पण त्यातला रविवार बहुतेक वेळा चाकणला जातो.

बायको नाशिकला, अंबड एमआयडीसीत, क्वालिटी विभागात. तिची सुट्टी शनिवार. तिचा एक आणि माझे दीड, यांच्यात सामाईक निघतो तो शनिवार. मारुतीचा वार. दोन वर्षांचा आमचा संसार एका ब्रह्मचारी देवाच्या वारावर चालला आहे, हा तिचा आवडता विनोद.

आठवड्याची सुट्टी ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. गावाला आठवडा होता, पण त्याची खूण बाजाराचा दिवस. चाकणचा बाजार शनिवारी, शेजारच्या गावाचा दुसऱ्या वारी. व्यापारी, कासार, बैलांचे दलाल एका गावातून दुसऱ्या गावी फिरायचे. वार वाटून घेण्याची कल्पना वीज मंडळाने काढली असं मला आधी वाटायचं. ती बाजारांनी शेकडो वर्षं आधीच काढली होती. फरक इतकाच, की बाजाराच्या दिवशी गावातली सगळी माणसं एकत्र मोकळी असायची. नवरा-बायकोंची तर असायचीच.

गिरण्यांनी हे मोडलं. मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या त्या १८५०च्या दशकात. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तसं कामही मोठं. सणावाराच्या सुट्ट्या होत्या, पण दर आठवड्याला हक्काची सुट्टी नव्हती. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला, तो मुलांपुरता : सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्यांना दिवसाला नऊ तासांवर राबवायचं नाही. मोठ्या माणसांबद्दल त्यात काही नव्हतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. जन्म १८४८चा, ठाण्यातला. आधी कारकुनी केली, मग मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले, म्हणजे गिरणी आतून पाहिलेला माणूस. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, आणि १८८०पासून 'दीनबंधु' चालवणारे. १८८४च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि तिथून निघालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या वाचल्या तर आज चकित व्हायला होतं, इतक्या त्या साध्या आहेत. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. अपघात झाला तर भरपाई.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन गिरणी कामगार बायकांनी भाषणं केली. १८९० साली, दहा हजार लोकांसमोर! त्यानंतर गिरणीमालकांच्या संघटनेने मागणी मान्य केली; १० जून १८९० ही तारीख आपल्याकडे रविवारच्या सुट्टीचा वाढदिवस म्हणून सांगितली जाते. पुढच्या वर्षी दुरुस्त कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवारच का, याचं उत्तर मराठी लिखाणात नेहमी असं सापडतं, की तो खंडोबाचा वार. साहेबाच्या चर्चचा दिवस आणि आपल्या मल्हारीचा दिवस एकच निघाला, हा नशिबाचा भाग. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. मागणी 'सातातून एक दिवस' एवढीच नव्हती, ठरलेला एकच दिवस होता, सगळ्यांचा. ज्याला सभा घ्यायची आहे, भजनाला बसायचं आहे, सोयरीक जमवायची आहे, त्याला दुसरी माणसंही मोकळी लागतात. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये गेले.

रविवार मिळाला, पण गिरणगावातल्या बहुतेक संसारांना त्याचा उपयोग नव्हता. कारण बायको रत्नागिरीला, नाहीतर साताऱ्याला. नवरा मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत, जेवण खानावळीत. १९२१च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या ५२५च्या आसपास. म्हणजे शहराचा जवळजवळ अर्धा पुरुषवर्ग बायकांशिवाय राहत होता. (सगळ्याच बायका गावी होत्या असं नाही, १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. तिच्या रविवारी धुणी आणि दळणं असणार, हे सांगायला जनगणना लागत नाही.) एका रविवारात बोटीने कोकणात जाऊन परत येणं शक्य नव्हतं. त्यामुळे त्या संसारांचं एकक आठवडा नव्हतंच. गणपती, शिमगा, भातलावणी, कापणी, अशा सुट्टीवर ते चालायचे. वर्षातून दोन-तीन भेटी, आणि मधे मनिऑर्डर.

मनिऑर्डर आपल्याकडे १८८०पासून. तिच्या फॉर्मला खाली एक छोटी पट्टी असायची, मजकूर लिहायला. दोन-तीन ओळी मावतील एवढी. गावी पोस्टमन यायचा, पैसे मोजायचा आणि वाचता येणारं कुणी घरात नसेल तर मजकूर वाचून दाखवायचा, ओटीवर, सासू-सासरे-जावांसमोर. त्या दोन ओळींत नवरा बायकोला काय लिहिणार? 'सर्व खुशाल.' पुढे नवरा सुट्टीवर आला तरी घर भरलेलं, पहिले चार दिवस भेटायला येणाऱ्यांचे. मुंबईत बिऱ्हाड केलं तर एका खोलीत दोन-दोन कुटुंबं आणि रात्री पुरुष गॅलरीत, नाहीतर फुटपाथवर. अंतर मिटलं तरी एकांत मिळायचा नाही. दुरून चालवलेल्या संसारांची गोष्ट आपण विरहाची म्हणून सांगतो, पण तिच्यात भेटीनंतरची गर्दी तितकीच मोठी आहे, हे मला लग्नानंतर नीट कळलं.

आता थोडं लांब जाऊ. १९२९च्या शरदात सोव्हिएत रशियाने आठवडाच मोडला. मशीन एकही दिवस थांबू नये म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला, कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. पण प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी. आकडे पाहिले तर कामगाराचा फायदाच, सातऐवजी पाच दिवसांत एक सुट्टी. शेड्युलर म्हणून मला ती रचना सुंदर वाटते, आणि हे मला आवडत नाही. कारण नवरा पिवळा आणि बायको हिरवी असेल तर दोघं एकाच घरात राहूनही एकत्र मोकळी होत नसत. बायको कारखान्यात, मुलं शाळेत आणि मी घरी बसून करू काय, अशा अर्थाच्या तक्रारी तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. त्या काळात तिथे तक्रार छापून येणं ही साधी गोष्ट नव्हती. १९३१मध्ये सहा दिवसांचा आठवडा आणि सगळ्यांना एकच सुट्टी आली, आणि १९४०मध्ये जुना सात दिवसांचा आठवडा परत आला. एवढी ताकदवान राजवट, पण सामाईक सुट्टी तिला फार काळ काढून घेता आली नाही.

आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने मधला मार्ग काढला. त्याचं ५२वं कलम सांगायचं, की आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा. आठवडा शनिवारी मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे पहिला दिवस रविवार. (जावास्क्रिप्टमध्येही रविवार म्हणजे शून्य, कायदा आणि कोड इथे एकमताचे आहेत.) पण त्या दिवशी कामावर बोलवायचं असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यायची, आणि कुणालाही सलग दहा दिवसांपेक्षा जास्त राबवायचं नाही. म्हणजे विश्रांतीची हमी पक्की, वाराची हमी लवचीक. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्लांटसाठी 'वीकली ऑफ' नावाचा एक रकाना आहे, त्यात ० ते ६ पैकी एक आकडा भरायचा. अलीकडे नवे ग्राहक विचारतात, हा रकाना प्लांटऐवजी प्रत्येक माणसामागे करता येईल का? येतो. मीच करून दिला आहे.

पिंपरी-चिंचवड वसलं ते मात्र गिरणगावची चूक टाळायची म्हणून. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली ती कॉलनी घेऊन आली. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाज आल्या, १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं. कामगाराला कामाच्या जवळ घर मिळावं, बायकामुलांसकट राहता यावं, हा हेतू. निगडी-प्राधिकरणातले ते झाडांचे शांत रस्ते आजही तो हेतू सांगतात, आणि एका मोठ्या पिढीला तिथे खरोखर रोज संध्याकाळी घरी येणारा बाप मिळाला. फक्त त्या नकाशात कामावर जाणारं माणूस घरटी एकच धरलेलं होतं. दुसरीची नोकरी दोनशे किलोमीटरवर असेल, ही शक्यता नकाशात नव्हती.

कोर्टात ती १९७८मध्ये पोचली, दिल्ली उच्च न्यायालयात. स्वराज गर्ग पंजाबातल्या सुनाममध्ये मुख्याध्यापिका, लग्नाच्या आधीपासून नोकरीत; नवरा दिल्लीत, तिच्यापेक्षा कमी पगारावर. त्याचं म्हणणं, बायकोने नोकरी सोडून यावं. न्यायालयाने म्हटलं, की घर कुठे करायचं हे ठरवण्याचा अधिकार एकट्या नवऱ्याला देणारा कायदा नाही, दोघांनी सोयीने ठरवायचं. निकाल चांगलाच आहे. सोय न जमणाऱ्यांनी काय करायचं हे त्यात नाही, ते कोर्टाचं कामही नव्हे.

आमची सोय शुक्रवारी संध्याकाळी सातला मोशीत सुरू होते. पुणे आणि नाशिकमध्ये थेट रेल्वे नाही. जायचं तर कल्याणवरून, नाहीतर मनमाडवरून वळसा. नवा सरळ मार्ग आखला होता, तर त्याच्या वाटेत खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकणाऱ्या; त्यांना विजेच्या गाडीचा गोंगाट चालत नाही. मार्ग बदलायचं ठरलं. विश्वाचा जन्म आणि आमचा शनिवार यांत सरकारने विश्वाला झुकतं माप दिलं, याबद्दल मला खरंच तक्रार नाही. पण एसटी चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास उभी राहते तेव्हा थोडी होते.

राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. या रस्त्यावर अडचण अशी, की नारायणगावजवळ माझं घर आहे आणि संगमनेरला सासुरवाडी. म्हणजे नाशिकला जाताना मी दोन्ही घरांच्या दारावरून जातो. न थांबता. आई कधी टोमणा मारत नाही, ती फक्त विचारते, "गाडी किती वाजता गेली रे नारायणगाववरनं?" मग आम्ही वाटणी केली : एक शनिवार नारायणगावला, एक संगमनेरला, तिसरा आमचा. कागदावर छान. पण सत्यनारायण, साखरपुडा, डोहाळजेवण हे सगळं शनिवार-रविवारीच असतं, आणि काही आलं की रद्द होतो तो नेहमी तिसरा. पहिल्या दोघांना रद्द करायला माणसं दुखवावी लागतात.

नारायणगावच्या घरी दोन खोल्या. आम्ही आलो की आई आतली खोली आमच्यासाठी सोडते आणि बाहेर वडील टीव्हीचा आवाज वाढवतात. कुणी काही बोलत नाही. वडिलांचे काका गिरणीत होते, लालबागच्या खोलीत चौदा जण राहायचे. ते एकदा सांगत होते, की कुणाची बायको गावाहून आली की बाकीचे रात्री पत्ते घेऊन मैदानात जाऊन बसायचे. वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवण्याची रीत तिथूनच घेतली असावी.

नाशिकला बायको दोन सहकारी मुलींबरोबर राहते. त्यांचीही सुट्टी अर्थातच शनिवार. म्हणून आमच्या वाट्याच्या शनिवारी आम्ही सकाळी लवकर पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, वर बसतो. खाली अंबडच्या शेड दिसतात, त्या दिवशी धूर नसतो. सुरुवातीला आम्ही वर बसून राहिलेल्या गोष्टी उरकायचो, विमा, आईचं औषध, कुणाला किती आहेर. मग तिने ठरवलं, की कामाचं सगळं बुधवारी फोनवर. शनिवारी कामाचं बोलायचं नाही. पहिल्यांदा दोघांनाही काही सुचेना. हळूहळू जमलं.

रविवारी दुपारी मी चाकणला कुठल्या तरी बंद लाइनवर उभा असतो. कन्व्हेअर थांबलेला, रोबोटचे हात अर्ध्यावर अडलेले, वरचे दिवे निम्मे बंद. अपडेट चढायला वेळ लागतो. खरं सांगायचं तर आठवड्यातला तो एक तास मला आवडतो. एकटं असणं आणि एकटं पडणं यात काय फरक आहे, ते तिथे बसून समजतं.

गेल्या महिन्यात तिच्या कंपनीने तिला चाकणच्या प्लांटमध्ये बदलीबद्दल विचारलं. महाळुंगे, माझ्या खोलीपासून पाऊण तास. दोन्ही घरी आनंदीआनंद. आईने तर मोशीत दोन खोल्यांची जागा बघायला सांगितली. रात्री फोनवर आम्ही पगार, भाडं, गॅसचं कनेक्शन सगळं बोललो. मग तिने एचआरला मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवला. त्यात एकच प्रश्न होता, तिथे वीकली ऑफ कुठल्या वारी असतो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चाकणला ठरलेला वार नाही, सुट्टी रोटेशनने, दर महिन्याचं वेळापत्रक आधीच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला लागतं. तिने ते मला पुढे पाठवलं आणि खाली लिहिलं, "त्यांचं सॉफ्टवेअर तुमचंच आहे का रे?"

बदलीला हो की नाही, ते तिला या महिनाअखेर कळवायचं आहे.